लोहचुंबक

साडेतीन लाख. त्यातले दोनच गाडीचे,
हे मी लाल पेनानं लिहून ठेवलं होतं,
कारण मला मी माहीत आहे.
उरलेले टायरचे, ब्रेक पॅडचे, हेल्मेटचे,
पीथमपूरच्या ट्रॅकवर एका दिवसाच्या फीचे.
दिवसभर मी दुसऱ्यांचे दात घडवते
छावणीतल्या लॅबमध्ये, भिंगाखाली,
केसाएवढी चूक झाली तरी माणूस जेवताना शिव्या देतो.
वर्षातून एखाद्या दिवशी मला
चूक व्हायची भीती
बोटांत नाही, पोटात हवी होती.

देवास नाक्यावर पहिली दिसली ती लाल.
मागचा पंख एवढा, की त्यावर साडी वाळत घालावी.
विकणारा पोरगा म्हणाला, ताई, आवाज तर ऐका.
ऐकला.
पर्सची चेन मी उघडलीसुद्धा होती.

इक्रामभाई काही बोलले नाहीत.
खिशातून लोहचुंबक काढलं, फ्रिजवरचं,
आंब्याच्या आकाराचं, नातीकडून मागून आणलेलं.
दारावर ठेवलं. आंबा घसरला.
चाकाच्या वर ठेवलं. घसरला.
"पुट्टी का पहलवान है," म्हणाले,
आणि आंबा पुसून परत खिशात.

मग सहा रविवार.
राऊची एक, जॅक लावायच्या जागी बोट आरपार गेलं.
महूची एक, साहेबाची, चकचकीत,
किंमत ऐकून आम्ही पाणी पिऊन निघालो.
अन्नपूर्णा रोडवरचा मालक इंजिन आधीच तापवून उभा.
इक्रामभाईंनी बोनेटवर तळवा ठेवला,
तापात असलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि स्कूटरला किक मारली.
परतताना मला समजावत होते, मी माझ्या भाषेत समजत होते:
हॉर्सपॉवर म्हणजे पत्रिकेतले गुण,
वजन म्हणजे रोजचा स्वयंपाक.
हलकी घ्या. साधी घ्या.
जिच्यावर कुणी हौस भागवलेली नाही अशी घ्या.

सुदामानगरात मुळ्ये.
करडी पॅलिओ, एक पॉइंट सहा, दोन हजार चारची,
अंगावर जुनं धोतर पांघरलेली.
थंड इंजिन. एकदा खाकरलं,
पोथी उघडण्याआधी गुरुजी खाकरतात तेवढंच, मग लागलं.
डिकीत जीरावनाचा वास.
सोबत एक काळी वही, मुंगीएवढं अक्षर:
ऑइल बदललं. मागच्या डाव्या चाकात खिळा.
क्लच थोडा वर धरतोय, की माझाच पाय जड?

काचबिंदू आहे, मुळ्ये म्हणाले. समोरचं दिसतं,
कडेचं जग गेलं.
कुठे नेणार हिला?
ट्रॅकवर, मी म्हटलं,
आणि त्रेचाळिसाव्या वर्षी बाईनं काय करू नये
ते ऐकायला सरसावून बसले.

ते उठले. भिंतीला हात लावत गेले, दार लोटून आले.
बायपासवर, म्हणाले, हलक्या आवाजात,
बायपास नवा कोरा होता तेव्हा, पहाटे पाचला,
एकशे साठ.
हिला अजून सांगितलेलं नाही.

"एकशे चौसष्ट," लोटलेल्या दारामागून आवाज आला,
"वहीत लिहिलंय तुम्ही. चहात साखर किती?"

एक लाख नव्वदला ठरलं.
टायर टणक झालेत म्हणून इक्रामभाईंनी दहा कमी करून घेतले,
मुळ्यांनी ते हसत सोडले,
किल्ली मात्र दोनदा हातातच राहिली.

घरी येऊन पार्क केली तेव्हा दिसलं,
आंबा छपरावरच.
वाटेत तीन खड्डे,
एक स्पीडब्रेकर माझ्या लक्षातच न आलेला,
आणि हात न दाखवता आडवा आलेला मॅजिकवाला,
ज्याच्यामागे मी सगळा ब्रेक दाबला
आणि गाडी नाक खाली करून,
सरळ,
थांबली.

आंबा मी काढला नाही. नात विचारेल.
पॅड सोमवारी.